शून्यावर पोचला, पण संपला नाही: एक्सएफएसच्या बफर लॉग आयटमचं एक प्रकरण

जून २०२१ मध्ये लिनक्स कर्नलच्या एक्सएफएस फाइलसिस्टीमसाठी एक छोटी दुरुस्ती लिहिली गेली. ती ५.१४ आवृत्तीत आली. तिचा गाभा एका ओळीचा. एका फंक्शनच्या तळाकडे बफरवर (मेमरीत आणलेल्या डिस्कच्या ब्लॉकवर) ‘होल्ड’, म्हणजे ‘हा अजून वापरात आहे, मोकळा करू नका’ अशी खूण, घेणारी ओळ होती, ती उचलून वर नेली आणि तिच्यापुढे एक अट लावली. एवढंच. पण ही ओळ तिथून इथे का आणली हे सांगायला लिहिणाऱ्याला कोडपेक्षा कितीतरी जास्त शब्द लागले. आणि त्या स्पष्टीकरणाच्या शेवटी त्याने कबूलही करून टाकलं, की खरा इलाज वेगळा आहे आणि तो लांबचा आहे.

रेफरन्स काउंट, म्हणजे वस्तू किती जण वापरताहेत तो आकडा, शून्य झाला की वस्तू मोकळी करायची, हे आपण सगळे कॉलेजातच शिकतो. एक्सएफएसमधला बफर लॉग आयटम, कोड वाचणाऱ्यांच्या भाषेत बीएलआय, हा नियम पाळत नाही. त्याला तो पाळता येणारही नाही, निदान आजच्या रचनेत तरी नाही. २०२१ चं प्रकरण नीट समजलं तर असं का, हे कळतं.

कीर्द आधी, खतावणी मग

जर्नलिंग फाइलसिस्टीम ही कल्पना जुन्या पद्धतीच्या दुकानदाराला समजावून सांगावी लागत नाही. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे. मग सवडीने खतावणी: ज्याची रक्कम त्याच्या खात्याच्या पानावर. मध्येच काही घोटाळा झाला तरी कीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा करता येते. बंधन एकच. जी नोंद कीर्दीत चढलेली नाही ती खात्यावर चढवायची नाही.

एक्सएफएस हेच करते. तिची कीर्द म्हणजे लॉग. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये १९९३ साली तिचं काम सुरू झालं, १९९४ मध्ये ती त्यांच्या आयरिक्स ५.३ या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर बाहेर पडली, पुढे लिनक्सवर आली, आणि २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये डीफॉल्ट झाली. म्हणजे आज आपल्यातले पुष्कळजण तिच्यावर विसंबून आहेत, भले त्यांना त्याचा पत्ता नसेल.

डिस्कवरच्या मेटाडेटाचा (फाइलींबद्दलच्या माहितीचा) ब्लॉक मेमरीत आणला की तो बफर. कुठल्या ट्रान्झॅक्शनने (सगळे मिळून एकदमच पक्के करायच्या बदलांच्या गटाने) त्यात बदल करायचं ठरवलं की बफरला एक बीएलआय जोडला जातो. बफरचा कुठला भाग बदलला आहे ते हा बीएलआय लक्षात ठेवतो, १२८ बाइटच्या तुकड्यांच्या हिशेबाने. ४०९६ बाइटचा बफर असेल तर ३२ तुकडे, म्हणजे ३२ बिटांचा एक नकाशा. लॉगमध्ये तेवढेच तुकडे लिहायचे, अख्खा ब्लॉक नाही.

त्यापुढचा प्रवास मात्र बराच लांब आहे. ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे पक्कं, झालं की आयटम सीआयएल (कमिटेड आयटम लिस्ट) या यादीत जातो. ही यादी २०१० मध्ये एक्सएफएसचे डेव्हलपर डेव्ह चिनर यांच्या ‘डिलेड लॉगिंग’च्या कामातून, कर्नलच्या २.६.३५ आवृत्तीत आली. त्याआधी प्रत्येक ट्रान्झॅक्शन आपापले बदल थेट लॉगच्या बफरमध्ये ओतत असे. आता अनेक ट्रान्झॅक्शनांचे बदल मेमरीतच गोळा होतात आणि एकाच चेकपॉइंटमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात, लॉगवर लिहिले जातात. तोच बफर दहा वेळा बदलला तरी त्या चेकपॉइंटमध्ये त्याची एकच नोंद. चेकपॉइंट डिस्कवर पोचला की आयटम एआयएल (अ‍ॅक्टिव्ह आयटम लिस्ट) या दुसऱ्या यादीत जातो: कीर्दीत उतरलेले, पण खतावणी व्हायची बाकी असलेले. एआयएलचा एक स्वतंत्र थ्रेड (इतर कामांबरोबर समांतर चालणारं काम) आहे. तो या यादीतले बफर उचलून लिहिण्याच्या रांगेत लावतो आणि मग डिस्ककडे धाडतो. लिहून झालं की आयटम एआयएलमधून निघतो आणि तेव्हा कुठे बीएलआयचं आयुष्य संपतं.

कोणाचा हक्क कशावर

इथे तीन वेगवेगळ्या गणत्या चालू असतात आणि नवा वाचक हमखास त्यांची गल्लत करतो. मीही केली होती.

पहिली गणती बफरच्या होल्डची. ती शून्य झाली की बफरची मेमरी जाते. बीएलआय स्वतः बफरवर एक होल्ड धरून असतो, लिहिण्याची रांग दुसरा धरते, आणि बफर कॅशेच्या एलआरयू यादीचाही (बराच काळ न वापरलेले बफर आधी काढता यावेत म्हणून ठेवलेल्या) एक असतो.

दुसरी पिनची. बदल कमिट झाला, पण लॉगमध्ये अजून लिहिला गेला नाही, तोवर बफर पिन केलेला असतो. पिन असताना तो डिस्कवर लिहायचा नाही. कीर्दीआधी खतावणी नको हा जो नियम, तो कोडमध्ये या एका आकड्याने पाळला जातो.

तिसरी बीएलआयचा स्वतःचा रेफरन्स काउंट, आणि खरी मेख इथे आहे. हा काउंट दोन कालखंड मोजतो: आयटम एखाद्या चालू ट्रान्झॅक्शनमध्ये आहे तो, आणि आयटम लॉगसाठी पिन केलेला आहे तो. हे दोन्ही एकमेकांवर चढू शकतात. पण लॉगवर लिहून झाल्यानंतर, एआयएलमध्ये खतावणीची वाट पाहत बसण्याचा जो तिसरा आणि कित्येकदा सगळ्यात लांब काळ, तो यात मोजलेलाच नाही. पिन सुटते, काउंट शून्य होतो, आणि बीएलआय मात्र मजेत एआयएलमध्ये जिवंत असतो. त्याला मोकळं करायचं काम डिस्कवर लिहून झाल्यावर, तिसरंच कोणीतरी करतं.

गावाकडे अशी जमीन असते. वर्षानुवर्षं कसणारा एक, आणि सातबाऱ्यावर त्याचं नावच नाही. सगळ्या गावाला ठाऊक असतं ती कोणाच्या वहिवाटीत आहे. त्यामुळे वाद होत नाही, जोवर कागद बघणारा बाहेरचा माणूस येत नाही. एआयएल हा बीएलआयचा असा बिननोंदीचा वहिवाटदार आहे.

रेफरन्स सोडणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला म्हणून केवळ शून्य झालं का एवढं विचारून भागत नाही. पुढचंही विचारावं लागतं: आयटममध्ये न लिहिलेले बदल आहेत का, तो रद्द झाला आहे का (लॉगवर लिहिणं फसल्याने), बाद ठरवलेला आहे का (त्यातला मजकूर आता निरुपयोगी म्हणून), एआयएलमध्ये अजून पडून आहे का? हे प्रश्न आधी तीन ठिकाणी विखुरलेले होते. २०१८ मध्ये त्यातला बराचसा भाग एका सामाईक फंक्शनमध्ये आणला गेला, आणि काउंट एकटा आयुष्य ठरवत नाही हे तेव्हाच स्पष्ट शब्दांत लिहूनही ठेवलं गेलं. अनपिनची, म्हणजे पिन काढण्याची, वाट मात्र वेगळीच राहिली, आणि २०२१ चं प्रकरण त्याच वाटेवर घडलं.

शटडाउन: जिथे सगळे एकदम दाराशी येतात

रोजच्या कामात ही वहिवाट निमूट चालते. अडचण येते ती फाइलसिस्टीम शटडाउन होते तेव्हा. लॉगच डिस्कवर लिहिता आला नाही, तर एक्सएफएस पुढे काहीही लिहायला नकार देते. पण मेमरीत अडकलेल्या शेकडो आयटमांचं काय? ते एआयएलमध्ये तसेच राहिले तर अनमाउंट कधीच पूर्ण होणार नाही, कारण अनमाउंट एआयएल रिकामी व्हायची वाट पाहतं.

त्यावर काढलेली युक्ती थोडी नाटकी आहे. रद्द झालेल्या चेकपॉइंटमधला आयटम अनपिन करताना, आपण सोडलेला रेफरन्स शेवटचा असेल, तर अनपिन फंक्शन बफरचं लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) घेतं आणि डिस्कवर लिहिणं फसल्याचं सोंग करतं. खरं लिहिणं होतच नाही. पण फसलेल्या लिखाणानंतर जी आवराआवर व्हायची ती सगळी होते: आयटम एआयएलमधून निघतो, बीएलआय मोकळा होतो, बफर बाद ठरतो. हे सोंग वठवायला बफरवर एक जादा होल्ड लागतो, कारण आवराआवरीच्या शेवटी एक होल्ड सोडला जातो. दुरुस्तीपूर्वीच्या कोडमध्ये हा होल्ड लॉक मिळाल्यानंतर घेतला जाई. वरवर पाहता त्यात काहीच वावगं नाही.

आता क्रम बघा. हा क्रम सावकाश वाचावा, माझी पहिल्यांदा दोनदा चूक झाली होती.

एक बफर आधीच लॉगवर लिहून झालेला आहे आणि एआयएलमध्ये आहे. त्याच्या बीएलआयचा काउंट शून्य, पिन शून्य. एआयएलच्या थ्रेडने तो उचलून लिहिण्याच्या रांगेत लावला, रांगेचा एक होल्ड चढला. अजून डिस्ककडे धाडलेला नाही. तेवढ्यात दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने तोच बफर लॉक केला, पुन्हा बदलला आणि कमिट केला. आता काउंट एक आणि पिनही एक. एआयएलचा थ्रेड रांग धाडायला येतो, बफर पिन केलेला दिसतो, तो त्याला वगळून पुढे जातो. बफर रांगेतच अडकून राहिला.

मग तो नवा चेकपॉइंट लॉगवर लिहिताना डिस्क एरर देते. शटडाउन. चेकपॉइंट रद्द होतो आणि अनपिन फंक्शन धावतं. ते बीएलआयचा काउंट कमी करतं: शून्य, म्हणजे आवराआवर आपल्याकडे आली. मग पिन कमी करतं: तीही शून्य.

फट उघडते ती याच क्षणी. पिन सुटल्याबरोबर एआयएलच्या थ्रेडला रांगेतला तो बफर पुन्हा मोकळा दिसतो. अनपिन फंक्शन अजून संपलेलं नाही, पण हे त्या थ्रेडला कसं कळावं? तो बफरचं लॉक मिळवतो, धाडायला जातो, फाइलसिस्टीम शटडाउन झालेली पाहतो आणि तोही तेच सोंग करतो. आयटम एआयएलमधून काढला. बीएलआय मोकळा झाला, त्याचा बफरवरचा होल्ड सुटला. बफर बाद ठरला, म्हणून एलआरयूचाही सुटला. रांगेचा होल्ड सुटला. सगळे होल्ड गेले, बफरची मेमरी गेली. आणि अनपिन फंक्शन अजून त्याच बफरच्या लॉकची वाट बघत उभं. दार उघडलं की आत जाऊन होल्ड घेऊ म्हणत, आणि आत घरच उरलेलं नाही.

मोकळ्या केलेल्या मेमरीला असा हात लावणं, याला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. केएसॅनसारखं मेमरी तपासणारं साधन चालू नसेल तर अशी चूक बरेचदा काही न बोलता निघून जाते, आणि मग भलतीकडेच काहीतरी कोसळतं.

दोन्ही थ्रेडांचं वागणं आपापल्या जागी बरोबर आहे. अनपिनकडे काउंट आहे, त्यात त्याचाच रेफरन्स शेवटचा होता. एआयएलच्या थ्रेडकडे काउंटच नाही, कारण त्याचा हक्क कुठे मोजलेलाच नाही. एकाने कागद पाहिला, दुसऱ्याने वहिवाट पाहिली, आणि दोघांनाही ‘हा आपलाच’ असंच उत्तर मिळालं.

सापडायला किती अवघड

हे उघडकीला आलं ते फाइलसिस्टीम चाचण्यांच्या संचातल्या जेनेरिक/०१९ या चाचणीत. ही चाचणी फाइलसिस्टीमवर धुमाकूळ घालणारा भार टाकते आणि भार चालू असतानाच कर्नलची फॉल्ट इंजेक्शनची सोय वापरून डिस्कला एरर द्यायला लावते. म्हणजे शटडाउन ऐन गर्दीत होतो. तरीही एकदा-दोनदा चालवून हे दिसत नाही. पुष्कळ फेऱ्या लागतात, कारण आयटम एआयएलमध्ये हवा, तो रांगेतही हवा, पुन्हा पिन झालेला हवा, चेकपॉइंट नेमका तेव्हा फसायला हवा, आणि वर लॉकची शर्यत चुकीच्या थ्रेडने जिंकायला हवी. पाच योग एकत्र. हा बग नुसता स्टॅक ट्रेस पाहून सुटला असता असं मला वाटत नाही. प्रत्येक होल्ड कोणाच्या नावावर आहे याची यादी आधी कागदावर मांडावी लागते.

का ती एकच ओळ

सुचणारे इतर मार्ग आधी पाहू. पिन सोडण्याआधीच बफरचं लॉक घ्यावं का? नाही. बफर लिहायला धाडणारा थ्रेड लॉक हातात ठेवूनच पिन सुटायची वाट पाहू शकतो. तो पिनसाठी थांबलेला, अनपिन लॉकसाठी थांबलेलं. डेडलॉक. मग एआयएललाच बीएलआयचा रेफरन्स द्यावा का? तत्त्वतः हाच खरा मार्ग, वहिवाटदाराचं नाव कागदावर चढवण्याचा. पण त्यासाठी आयटम एआयएलमध्ये घालणाऱ्या आणि त्यातून काढणाऱ्या सगळ्याच वाटा हलवाव्या लागतात: नेहमीचं लिखाण पूर्ण होणं, रद्द होणं, बाद ठरणं. एक बग बुजवायला एवढं उकरणं कोणालाच नको असतं, आणि मला तो निर्णय पटतो.

म्हणून निवडला तो सगळ्यात स्वस्त मार्ग. सोंगासाठी होल्ड लागणारच आहे, तर तो आधी घ्या. आयटम रद्द झाला असेल, आपला रेफरन्स शेवटचा असेल आणि बफर आधीच बाद ठरवलेला नसेल, तर पिन कमी करण्यापूर्वीच होल्ड घ्यायचा. मग पिन सुटताच एआयएलच्या थ्रेडने कितीही घाई केली तरी अनपिनचा एक होल्ड शिल्लक आहे, बफरची मेमरी जात नाही. बाद ठरवलेल्या बफरला वगळलं कारण तिथे लॉक आणि होल्ड आधीपासूनच पुढे चालत आलेले असतात.

दोन वर्षांनी, तीच जागा

या दुरुस्तीने एक वाट बंद केली, पण फक्त ‘शेवटचा रेफरन्स माझा’ असं उत्तर मिळालेल्याचीच. ज्याचा रेफरन्स शेवटचा नव्हता त्याचं काय? जून २०२३ मध्ये ते समोर आलं.

एकच बफर लागोपाठच्या दोन चेकपॉइंटांमध्ये पिन होऊ शकतो. काउंट दोन, पिन दोन. शटडाउनच्या वेळी दोन्हींची अनपिन प्रक्रिया एकाच सुमारास, दोन वेगळ्या वाटांनी धावते. पहिलीने काउंट दोनाचा एक केला. शेवटचा रेफरन्स नाही, म्हणजे तिला फक्त पिन कमी करून निघून जायचं आहे. पण ती तिथेच क्षणभर रेंगाळली. दुसरीने एकाचा शून्य केला, आपल्या वाटची पिन कमी केली, सोंग वठवलं आणि बफर मोकळा केला. मग पहिली जागी झाली आणि बफरच्या पिनच्या आकड्याला हात लावायला गेली. तो आकडा बफरच्याच आत राहतो, आणि बफर कधीच गेलेला.

यावेळचा इलाज २०२१ पेक्षा सरळ आणि मला जास्त आवडलेला. पिन करतानाच बफरवर एक होल्ड घ्यायचा, प्रत्येक पिनमागे एक. अनपिनचं काम पूर्ण झाल्यावरच तो सोडायचा. अट नाही, आधी-नंतरची कसरत नाही. सोंगाच्या वाटेवर हाच पिनचा होल्ड कामी येतो, म्हणून वेगळा घ्यावा लागत नाही, आणि २०२१ मध्ये वर नेलेली ती ओळ गेली. पिन ही लॉगची बफरवरची मालकीच होती, ती आता होल्डच्या हिशेबातही दिसू लागली.

बीएलआयचा स्वतःचा काउंट मात्र दोन्ही दुरुस्त्यांनी जसा होता तसाच ठेवला. दोन्ही वेळा वाचवला तो बफर. याचे पडसाद पुढेही दिसले. २०२५ मध्ये शटडाउननंतर अनमाउंट लटकण्याचं जे प्रकरण दुरुस्त झालं, त्यात बाद ठरवलेल्या आयनोड (प्रत्येक फाइलच्या माहितीची नोंद) बफरच्या बीएलआयचा शेवटचा रेफरन्स अपेक्षेप्रमाणे अनपिनमध्ये सुटत नव्हता, ट्रान्झॅक्शनच्या वाटेने सुटत होता. त्या वाटेला बाद बफरची आवराआवर करायची असते हे माहीतच नव्हतं. तिथे मेमरी गेली नाही, उलट आयनोड एआयएलमध्ये कायमचे अडकले. पुन्हा तोच प्रश्न: शून्य कोणी केलं, आणि त्यानंतरचं काम कोणाचं?

२०२३ नंतरचं ते अनपिन फंक्शन उघडून पाहिलं तर अगदी शेवटी, शटडाउन नसलेल्या, रोजच्या सरळ वाटेवर एक टिप्पणी आहे. तिचा आशय असा, की आता बीएलआयवर कोणाचाच चालू रेफरन्स उरलेला नाही, इथून पुढचं त्याचं आणि बफरचं आयुष्य एआयएल सांभाळेल. खाली एकच ओळ, पिनचा होल्ड सोडणारी.